बगळ्याच्या गाडीचं छप्पर

माझे सासरे फेब्रुवारी २०२०मध्ये लेटरकेनीला आले, ते "लेकाचं घर बघतो आणि पाडव्याला परत" असं गावात सगळ्यांना सांगून. त्यानंतरचे दोन पाडवे आमच्याकडेच झाले. विमानं बंद पडली. हॉस्पिटलात डॉक्टर असलेला त्यांचा लेक घरी आला की थेट वरच्या खोलीत जायचा आणि त्याचं ताट मी दाराबाहेर ठेवायचे. खाली स्वयंपाकघरात उरलो मी आणि बाबा. टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप लावून मी एका विमा कंपनीचे फोन घ्यायचे. दुसऱ्या टोकाला बाबा माझा फोन संपायची वाट बघत बसायचे.

त्यांची अडचण मला कळत होती. गडहिंग्लजच्या हायस्कुलात त्यांनी सगळी हयात इतिहास शिकवला होता आणि निवृत्त झाल्यावरही पारावर, एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या खुर्चीत त्यांचा तास चालूच असायचा. इथे वर्गच नव्हता. सत्तरी ओलांडलेल्यांनी घराबाहेर पाऊलसुद्धा टाकायचं नाही असा सरकारी नियम होता आणि त्याला 'ककूनिंग' म्हणत. अर्थ सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे कोषात बसायचं. मग फुलपाखरू हून बाहेर पडणार होय मी?" तेव्हा ते मलाच शिकवू लागले. कांदा चिरताना मी औरंगजेबाचा दक्षिणेतला मुक्काम ऐकला. भांडी घासताना वारसाहक्काच्या लढाया ऐकल्या. शिकवताना ते स्वच्छ पुस्तकी बोलत, आणि चिडले किंवा खूश झाले की गडहिंग्लज बाहेर पडायचं. मी पुण्याची, त्यामुळे सुरुवातीला मला दुसरं थोडं जड गेलं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ते मागच्या अंगणातून आत आले ते चेहरा पडलेला घेऊन.

"पोरी, फोन ठेव. हितं पोलिसांचा नंबर काय हाय?"

"काय झालं बाबा?"

"त्या शेजाऱ्यानं बायकोला शेडमध्ये ठेवलीय."

"त्याला बायको नाही."

"हाय. इंग्रज हाय. त्याच्याच तोंडानं सांगितलं मला. म्हातारी झालीय, थंडीत उठत न्हाई म्हणाला. लई पिते म्हणाला. आणि खालनं गळतं..." इथे ते थांबले. सुनेपुढे याहून जास्त बोलणं त्यांना बरं वाटेना. "ताडपत्री घालून ठेवलीय गं. गेल्या हिवाळ्यापास्नं."

मी हेडफोन काढून बाहेर गेले. आमच्या आणि शेजाऱ्याच्या अंगणांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत होती. पलीकडे तो उभा होता. बाबांच्याच वयाचा, बांबूसारखा उंच, मोठ्या कानांचा, डोक्यावर चपटी टोपी. मी अडखळत विचारलं की शेडमध्ये कोण आहे. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्याला उलगडा झाला आणि तो इतका हसला की भिंतीला धरून खाली बसला. उठल्यावर त्याने शेडचं दार उघडलं आणि ताडपत्री ओढली.

आत गाडी होती. दोन माणसांची, हिरवी, इतकी बुटकी की आमच्या पाटावर चाकं लावली तर एवढीच उंची होईल. लांबलचक नाक, गोल दिवे, छप्पर नाही. नाकाच्या टोकाला पितळेचा बगळा एका पायावर उभा होता.

"ही माझी म्हातारी," शेजारी म्हणाला. "इंग्लंडची. पेट्रोल फार पिते, तेल गळतं, पण मनाने चांगली आहे."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच विचारलं, "कंपनी कुणाची? स्थापना कुणी केली?"

तिथून सगळं सुरू झालं.

शेजाऱ्याबद्दल एक सांगायला हवं. त्याचं घराणं मयतीची व्यवस्था बघणारं. शवपेटी, फुलं, कबरस्तानापर्यंतची मिरवणूक, सगळं तेच करत. तरुणपणापासून निवृत्त होईपर्यंत त्याने ती काळी लांब गाडी चालवली होती, आणि ती चालवायची तर मागून चालत येणाऱ्या लोकांच्या पावलांइतकीच हळू. निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्याने ही स्पोर्ट्स कार घेतली. एकदा तरी जोरात जायचं, एवढीच इच्छा होती, असं त्याने मला सांगितलं. पण गाडी कधी सुरू होईना, सुरू झाली तर पाऊस लागायचा आणि पाऊस थांबला तर लॉकडाउन लागला.

आयर्लंडच्या खेड्यांतली जुनी माणसं शाळेतल्या शिक्षकाला 'द मास्टर' म्हणतात. बाबा शिक्षक होते हे कळताच शेजारी त्यांना 'मास्टर' म्हणू लागला. बाबांना ते 'मास्तर'च ऐकू आलं. लेटरकेनीत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारत होतं. त्या दिवशी ते दोन भाकऱ्या जास्त जेवले.

मग रोज सकाळी अकराला, पाऊस नसेल तर, भिंतीच्या एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला शेजारी, मध्ये नियमाचं अंतर, आणि बाजूला दुभाषी म्हणून मी. शेजाऱ्याची डोनेगॉलची इंग्रजी बाबांना कळत नव्हती. बाबांची गडहिंग्लजची इंग्रजी शेजाऱ्याला कळत नव्हती. मी एकाची इंग्रजी दुसऱ्याला इंग्रजीतच परत सांगायचे. विमा कंपनीला मी ती वेळ चहाची म्हणून कळवली होती.

शेजारी त्या कंपनीचा इतिहास हप्त्याहप्त्याने सांगू लागला. इंग्लंडमधल्या एका लहान गावात एक जण बाबागाड्या बनवायचा. त्याच्या बाबागाडीच्या स्प्रिंगा इतक्या मऊ की खड्ड्यातून गेलं तरी मूल जागं होत नसे. त्याला दोन मुलगे. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या थोरल्याने एका भल्यामोठ्या बाबागाडीच्या सांगाड्याला मोटरसायकलचं इंजिन जोडलं आणि बाजारातल्या उतारावर सोडलं. ब्रेक बसवायचे राहिले होते. गाडी थेट मासळीवाल्याच्या दुकानात घुसली आणि थोरला मासे अंगावर घेऊन बाहेर आला. म्हणून चिन्ह बगळ्याचं.

"पुरावा काय?" बाबांनी विचारलं.

मी भाषांतर केलं. शेजारी गोंधळला. "सगळ्यांना माहीत आहे हे."

"म्हणजे ही आख्यायिका झाली," बाबा मला म्हणाले. "त्याला सांग, आख्यायिकेला इतिहासात जागा आहे, पण वेगळ्या परिच्छेदात."

मी हे शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि "ग्रँड" म्हणाला. आयर्लंडमध्ये 'ग्रँड'चा अर्थ ठीक आहे, चालेल, बरं, काही हरकत नाही आणि मला काही कळलं नाही, यांपैकी कोणताही असू शकतो.

पुढचे हप्ते भराभर आले. थोरला इंजिनं बघायचा, धाकटा गाडीचं अंग आणि पैसे. शर्यती जिंकल्या. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यात स्ट्रेचरच्या ढकलगाड्या बनल्या. युद्ध संपल्यावर अमेरिकेत बगळ्याच्या गाड्यांची चलती सुरू झाली, कारण तिकडे ऊन होतं. आणि इथेच दोघा भावांत बिनसलं. धाकटा म्हणाला, आता गाडीला छप्पर हवं. थोरला म्हणाला, नको. आपल्या गाडीत बसणाऱ्याला पाऊस लागतच नाही, कारण पाऊस पडेपर्यंत तो पुढे गेलेला असतो, असं त्याचं म्हणणं होतं.

बाबांचे डोळे चमकले. "भाऊबंदकी!" ते भिंतीवर थाप मारून म्हणाले. "पोरी, त्याला सांग, आता माझ्या विषयात आलास तू."

भावांनी कारखान्यात मधोमध खडूची रेघ ओढली. अलीकडे बिनछपराच्या गाड्या, पलीकडे छपराच्या. कामगार रेघेवर बसून डबा खायचे. धाकट्याने छपराची गाडी काढली खरी, पण इतक्या रागारागात काढली की छप्पर लावलं की दार उघडत नसे. आतल्या माणसाला बाहेर यायचं तर आधी छप्पर काढावं लागे. मग विक्री घसरली, एका मोठ्या कंपनीने ती कंपनी गिळली, तिला आणखी मोठीने. जिथे कारखाना होता तिथे आता सुपरमार्केट आहे. नाव आणि बगळा मात्र विकले गेले, आणि आता त्या नावाने पुरुषांचं अत्तर निघतं. शेजाऱ्याच्या भाच्याने त्याला नाताळात त्याची बाटली दिली होती. त्याने ती भिंतीवर ठेवली, दोन पावलं मागे गेला आणि मग बाबांनी ती हुंगली.

"ओली घोंगडी," बाबा म्हणाले. मला भाषांतराची गरज पडली नाही.

असा उन्हाळा गेला. कधी नव्हे ते मला माझ्या सासऱ्यांना हाक मारून जेवायला आत बोलवावं लागत होतं. नवरा खिडकीतून खाली बघायचा आणि मला फोन करून विचारायचा, "आज कोणतं प्रकरण?"

भांडण ऑक्टोबरमध्ये झालं. मी तिथे होते, दोन्ही बाजू माझ्याच तोंडून गेल्या, त्यामुळे त्याची थोडी जबाबदारी माझ्यावरही येते. बाबा सहज म्हणाले की सगळं बघता धाकट्याचं बरोबर होतं, गाडीला छप्पर पाहिजेच.

शेजाऱ्याचं तोंड कडक झालं. "थोरला नसता तर गाडीच नसती."

"थोरल्याच्या हट्टापायी कंपनी बुडाली."

"धाकट्याने सगळं बिघडवलं. दार न उघडणारी गाडी!"

"ती रागानं झाली. राग कुणी आणला?"

"मास्टर," शेजारी म्हणाला, "तुम्हाला गाडी चालवता येत नाही. तुम्ही यात बोलू नये."

मी हे जरा मऊ करून सांगायचा प्रयत्न केला. पण 'यू कान्ट ड्राइव्ह' बाबांना थेट कळलं होतं. ते ताठ झाले आणि स्वतःच्या इंग्रजीत, शब्द सुटा सुटा करून म्हणाले, "टू गेट वेट इन रेन, नो लायसन रिक्वायर्ड."

शेजाऱ्यालाही भाषांतर लागलं नाही. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तो आत गेला. दार धाडकन लागलं. बाबाही आत आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "गेला तर गेला."

दोन मेलेल्या इंग्रजांच्या छपरावरून लेटरकेनीतल्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं तुटलं. बाबा अंगणात जायचे ते शेजाऱ्याचा पडदा बंद असेल तेव्हाच. शेजारी कचऱ्याचा डबा बाहेर काढायचा तोसुद्धा आमच्या खिडकीत कुणी नाही हे बघून. मी दोन्हीकडे जाऊन पाहिलं. शेजारी म्हणाला, "मी ग्रँड आहे." बाबा म्हणाले, "माझं काही म्हणणं न्हाई." दोघांचीही तोंडं सुतकात असल्यासारखी. दिवाळीत मी भडंग करून शेजाऱ्याच्या पायरीवर ठेवला. डबा धुऊन परत आला, आत स्कोन, म्हणजे इथले छोटे गोडसर पाव होते, पण चिठ्ठी नव्हती. बाबांनी स्कोन खाल्ले आणि म्हणाले की कोरडे आहेत. पण उरलेला एक त्यांनी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कपाटात, चहासाठी झाकून ठेवला.

यात एक गोष्ट दोघेही विसरले होते. आयर्लंडच्या वायव्येला बगळ्याच्या गाड्या असणाऱ्यांचा एक लहानसा क्लब होता. सगळे म्हातारे, सगळ्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली. ते महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर भेटायचे आणि कुणीतरी भाषण द्यायचं. भांडणाच्या आधी शेजाऱ्याने जानेवारीच्या भाषणासाठी बाबांचं नाव देऊन ठेवलं होतं, 'भारतातले मास्टर, कंपनीचा इतिहास' असं. आता ते रद्द करायचं तर एकाने दुसऱ्याशी बोलायला हवं होतं. कोणी बोलेना, म्हणून भाषण रद्द झालं नाही.

भाषणाच्या दिवशी दुपारी बाबांनी कोट घातला, इस्त्रीची पँट घातली, बूट घातले. मी म्हटलं, कमरेखालचं दिसत नाही. म्हणाले, "वर्गाला दिसत न्हाई म्हणून मास्तरानं चड्डीत जायचं काय?" फळा नव्हता. त्यांनी फ्रिजच्या पांढऱ्या दारावर मार्करने त्या घराण्याची वंशावळ काढली. वर बाबागाडीवाला, खाली दोन फांद्या, त्यांच्याखाली गिळणाऱ्या कंपन्या आणि तळाशी अत्तराची बाटली. मार्कर न पुसला जाणारा होता, हे आम्हाला नंतर कळलं.

पडद्यावर चौकोन उघडले. बऱ्याच जणांची फक्त कपाळं दिसत होती. शेजाऱ्याच्या चौकोनात छताचा दिवा होता.

बाबांनी आधी हजेरी घेतली. एकेक नाव त्यांच्या पद्धतीने वाचलं, आणि ज्याने "हो" म्हटलं नाही त्याचं पुन्हा वाचलं. एक निवृत्त बँक मॅनेजर ग्लास हातात घेऊन आरामात बसला होता. त्याला बाबांनी विचारलं, "ते काय आहे?" त्याने ग्लास घाईने खुर्चीमागे लपवला आणि "सफरचंदाचा रस, मास्टर," म्हणाला. मग कुणी पाय पसरले नाहीत.

त्यांनी तासभर शिकवलं. अडेल तिथे मी कानात शब्द सांगत होते, पण फारसं अडलं नाही. मासळीवाल्याची आख्यायिका त्यांनी खरंच वेगळी सांगितली, आणि मध्येच मासे कोणते असावेत यावर वर्गात चर्चा झाली. मग त्यांनी निळ्या स्वेटरवाल्या आजीबाईंना उठवलं. "यू. टेल. कॉझेस ऑफ डाउनफॉल. एनी फाइव्ह." आजीबाई खरोखर उभ्या राहिल्या. त्यांना चार आठवली. पाचवं दुसऱ्या चौकोनातून कुणीतरी कुजबुजून सांगितलं आणि बाबांनी त्याला रागावलं.

शेवटी छप्पर आलं. बाबांनी आधी धाकट्याची बाजू मांडली, पाऊस, विक्री, हिशेब. मग ते थांबले, चष्मा पुसला आणि थोरल्याकडे वळले.

"हा मुलगा बाबागाडीच्या कारखान्यात वाढला," ते म्हणाले. आता ते मराठीत बोलत होते आणि मी मागोमाग सांगत होते. "त्याच्या बापाने बनवलेल्या प्रत्येक गाडीला छप्पर होतं. आत झोपलेलं बाळ, आणि ढकलणारं दुसरंच कुणीतरी. नंतर हा लढाईवर गेला. परत आला तो मोठा माणूस होऊन. त्याला अशी गाडी हवी होती की जिच्यात बसल्यावर कुणी त्याला बाळ म्हणणार नाही. धाकट्याचा हिशेब बरोबर होता. पण थोरल्याला छप्पर का नको होतं, हे मला आधी समजायला हवं होतं. ते समजून न घेता मी निकाल दिला. इतिहासाच्या मास्तराने असं करू नये."

मग छताचा दिवा हलला, शेजाऱ्याचं नाक आलं, एक मोठा कान आला, आणि तो काहीतरी बोलला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. "तुमचा आवाज बंद आहे," सगळे एकदम ओरडले. बराच वेळ खुडबुड झाली. अखेर आवाज आला.

"मी म्हटलं, ते दार मात्र उघडायला हवं होतं, मास्टर."

"ते दार मला पण पटत न्हाई," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता थंडीत दोघे भिंतीशी उभे होते. कशाबद्दल बोलत होते ते मला माहीत नाही. मला बोलावलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात, दोघांच्या लशी झाल्यावर आणि हिंडायची मोकळीक मिळाल्यावर, फेरी ठरली. रॅथमलनच्या किनाऱ्यापर्यंत. गाडी दोघांची, म्हणून मी आणि नवरा मागून आमच्या गाडीने येणार होतो. बाबांना आत बसवणं हे पहिलं काम. ते उंच, गाडी बुटकी. नवऱ्याने डॉक्टरकीचं सगळं ज्ञान वापरून त्यांच्या गुडघ्यांची एकेक करून घडी घातली. माझी जांभळी लोकरी शाल त्यांनी फेट्यासारखी बांधली. शेजाऱ्याने टोपी उलटी घातली, डोळ्यांवर जुना गॉगल चढवला आणि बटण दाबलं. म्हातारी खोकली, धूर सोडला आणि चक्क सुरू झाली. दोघांनी एकदम हात वर केले.

"आता बघा," शेजारी आम्हाला ओरडून म्हणाला. "आज मी उडवणार हिला!"

आणि तो निघाला. चालत जाणाऱ्या माणसाच्या वेगाने.

आम्हाला वाटलं, इंजिन तापवतोय. गावाबाहेर आलो तरी तेच. नवरा म्हणाला, "काही बिघडलंय का?" काही बिघडलं नव्हतं. गॉगलमागे त्याचा चेहरा गंभीर झाला होता, पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. सगळा जन्म जसा चालवला तसा तो चालवत होता. त्याचा पाय पुढे जातच नव्हता.

त्या काळात चर्चमध्ये मोजक्याच माणसांना परवानगी असे. त्यामुळे मयत निघाली की लोक आपापल्या घरासमोर रस्त्याच्या कडेला उभे राहून निरोप द्यायचे. शेजाऱ्याला त्या रस्त्यावरचं प्रत्येक घर ओळखत होतं. पहिल्या घरासमोर एक माणूस हिरवळ कापत होता. त्याने शेजाऱ्याला बघितलं, मशीन बंद केलं, टोपी काढली आणि छातीवर क्रॉस केला. पुढे दोन बायका बोलत होत्या, त्या गप्प होऊन माना खाली घालून उभ्या राहिल्या. बाबांना वाटलं, हा आपला सत्कार आहे. ते डावीकडे नमस्कार, उजवीकडे नमस्कार करत चालले. फेटा सुटत होता, तो एका हाताने धरून दुसऱ्या हाताने नमस्कार.

मी आरशात पाहिलं. आमच्या मागे एक गाडी होती, तिच्यामागे दुसरी, मग एक ट्रॅक्टर. कुणी ओलांडून जात नव्हतं, कुणी हॉर्न देत नव्हतं. सगळ्यांनी दिवे लावले होते. वळणावर पाहिलं तर रांगेचं शेपूट कुठे संपतं ते दिसत नव्हतं.

"आपण मयतीत आहोत," नवरा हळूच म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "आणि आपण जवळचे नातेवाईक आहोत."

पुढच्या गावात चर्च आलं आणि शेजाऱ्याचे हात आपोआप वळले. तो फाटकातून आत शिरला. त्याच्यामागे आम्ही, आमच्यामागे ते सगळे. तरुण पाद्री घाईघाईने, झग्याची बटणं लावत बाहेर आले. आपण कुठली मयत विसरलो, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेजाऱ्याने गॉगल वर केला, आजूबाजूला पाहिलं, आणि आपण कुठे आलो ते त्याच्या लक्षात आलं. त्याचे मोठे कान लाल झाले.

तोवर मागच्या गाडीतून उतरलेल्या एक वयस्कर बाई बाबांजवळ गेल्या होत्या. बाबा गाडीत अडकलेले, उठता येत नव्हतं. बाईंनी वाकून त्यांच्या कोपराला कोपर लावलं आणि अशा वेळी तिकडे जे म्हणतात ते म्हणाल्या, "सॉरी फॉर युवर ट्रबल. कोण गेलं?"

बाबांना प्रश्न कळला. त्यांनी पितळेच्या बगळ्याकडे बोट केलं. "कंपनी," ते इंग्रजीत म्हणाले. "व्हेरी गुड कंपनी. टू ब्रदर्स. दे डिड नॉट ॲग्री."

बाईंनी मान हलवली. "भावाभावांचं असंच होतं," त्या म्हणाल्या. "जमीन होती का?"

"रूफ," बाबा म्हणाले.

बाईंनी डोळे पुसले. मी गाडीच्या मागे जाऊन हसले, पण रडतेय असं समजून ट्रॅक्टरवाल्याने मला रुमाल दिला. पाद्र्यांना सगळं समजावायला नवऱ्याला बराच वेळ लागला. ते समजूतदार निघाले. सगळे जमलेच आहात, तर या वर्षात ज्यांना धड निरोप देता आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द बोलतो, असं म्हणाले आणि अंगणातच बोलले. लोक अंतर ठेवून उभे राहिले. शेजाऱ्याने टोपी काढली. त्या वर्षी त्याच्या ओळखीची कितीतरी माणसं गेली होती आणि एकाच्याही मयतीला त्याला जाता आलं नव्हतं. बाबांनी बसल्या जागी हात जोडले.

फाटकातून बाहेर पडल्यावर रस्ता मोकळा होता, एका बाजूला खाडीचं पाणी. शेजारी बाबांना काहीतरी म्हणाला, बाबा काहीतरी म्हणाले, आणि पुढची गाडी नाहीशी झाली. म्हणजे खरंच. फेटा हवेत उडाला, आमच्या काचेवर येऊन बसला आणि तो काढेपर्यंत समोर फक्त निळा धूर होता. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दोघे समुद्राकडे तोंड करून गाडीतच आईस्क्रीम खात बसले होते. बाबांचे विस्कटलेले पांढरे केस सरळ उभे होते.

"बाबा, किती जोरात आलात?" नवऱ्याने विचारलं.

"तू डॉक्टर हाईस," बाबा म्हणाले. "तुला सांगण्यासारखं न्हाई."

त्यांना गाडीतून बाहेर काढायला चार माणसं लागली.

बाबा ऑक्टोबरमध्ये परत गेले. डब्लिनच्या विमानतळाची बस लेटरकेनीहून सकाळी निघते. नवरा सोबत जाणार होता. शेजारी स्टँडवर आला होता, चांगला कोट घालून. दीड वर्ष भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिलेले ते दोघे समोरासमोर काय करावं हे न कळून उभे राहिले. मग त्यांनी हात मिळवले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"सेफ होम, मास्टर," शेजारी म्हणाला.

बाबांना निघताना जे म्हणायची सवय ते त्यांनी इंग्रजीत म्हटलं. "ओके. आय कम."

शेजारी चमकला. "कधी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगणार, तेवढ्यात नवऱ्याने त्यांना वर चढवलं आणि ड्रायव्हरने दार लावलं. बस गेली. शेजारी माझ्याबरोबर घराकडे चालू लागला आणि वाटेत हिशेब करत होता की मास्टर येण्याआधी, मार्चपर्यंत, म्हातारीचं गळणारं तेल थांबवायला हवं. बस वाटेतल्या ओमा गावाच्या पुढे गेली असेल तेव्हा बाबांचा फोन आला.

"पोरी, त्याला काय सांगितलंस?"

"अजून काही नाही."

"मग नको सांगूस," ते म्हणाले.